कपाटातलं कापड, घरातली शिलाई : वाचकांचे प्रश्न

घरात साठलेलं कापड आणि घरासाठी लागणारी शिलाई, या दोन्हींवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. मापं इंचांत आहेत, कारण टेप हातात घेतला की सगळे इंचच बघतात. दुकानात मात्र मीटरने मागावं लागतं. एक मीटर म्हणजे 39.37 इंच, हिशेबाला 39 धरा, म्हणजे कापड कमी पडणार नाही.

दोन कपाटं भरून कापड साठलंय. ब्लाउजपीस, ड्रेसची उरलेली कापडं, जुन्या साड्या, पडद्यांचे तुकडे. रंगांप्रमाणे लावून पाहिलं, पण महिन्याभरात पुन्हा ढीग. कशी लावावीत? (ठाणे)

रंगांप्रमाणे लावलेलं कपाट बघायला छान दिसतं. पण शिवायला बसल्यावर कुणी ‘निळं काहीतरी’ शोधत नाही. शोध असतो तो ‘अभ्रा निघेल एवढं सुती’ कापडाचा. ते मिळेपर्यंत चार घड्या उपसल्या जातात आणि ढीग तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी कापडाची जात, मग माप आणि सगळ्यात शेवटी रंग.

जात ओळखायला हाताचा अंदाज पुरत नाही. हल्लीचं पॉलिस्टर हाताला सुतीसारखं लागतं. कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर मेणबत्तीला लावा. शेजारी पाणी ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राखाडी, मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि काळी गोळी बोटांत चुरता येते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टणक मणी उरतो. थोडी राख आणि थोडा मणी असं दिसलं तर ते मिश्र. ताणा आणि बाणा वेगवेगळ्या जातींचे असू शकतात, म्हणून उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळून बघा.

यातून सुती, रेशमी-जरीचं, आणि पॉलिस्टर व मिश्र असे तीन गट होतात. सुतीचे मापाने चार भाग करा: दोन मीटरच्या वर, एक ते दोन मीटर, अर्धा ते एक मीटर, आणि अर्ध्या मीटरच्या आतले तुकडे. बाकीच्या दोन गटांना एवढी फोड लागत नाही. तुकड्यांत 5 बाय 5 इंचांचा चौकोन निघत नसेल तर ते उशा-लोडांत भरायच्या पिशवीत टाका. कात्रणांचा मोह इथेच आवरायचा असतो.

घडीसाठी जाड पुठ्ठ्याची 8 इंच रुंद पट्टी कापा. 44 इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड काठाला काठ लावून दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. रुंदी 11 इंच होते. आता ते पट्टीभोवती गुंडाळा, पट्टी ओढून काढा आणि घडी मधोमध मोडा. साधारण 8 बाय साडेपाच इंचांची पुडी तयार होते. त्या एकावर एक न रचता खोक्यात उभ्या लावा, दुमडलेली बाजू वर. एक काढली तरी बाकीच्या पडत नाहीत.

प्रत्येक घडीत एक चिठ्ठी हवी: लांबी, पन्हा, जात, आणि ‘धुतलं’ किंवा ‘कोरं’. हा शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा. कोरं आणि धुतलेलं सुती कापड एकाच उशीत जोडलं की पहिल्या धुण्यात कोरं आटतं आणि जोडावर सुरकुत्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. चिठ्ठी टाचणीने किंवा स्टेपलने लावू नका, दोऱ्याने टाचा. कारण पुढे चिपळूणच्या प्रश्नात आहे.

ओटीत आलेले पन्नास-साठ ब्लाउजपीस आहेत. ब्लाउज कुणी शिवत नाही. काय करावं? (कोल्हापूर)

आधी वरची जळणाची परीक्षा. यातले पुष्कळसे मिश्र निघतील, थोडे सुती.

सुतीतला साधा हिशेब असा. 80 सेंटिमीटर लांब आणि 36 इंच पन्ह्याचा पीस म्हणजे साधारण 31 बाय 36 इंच. त्यात 16 इंची कुशनसाठी साडेसोळा इंचांचे दोन चौकोन शेजारी शेजारी बसतात. उरलेल्या पट्टीतून साडेसोळा बाय 12 चे दोन तुकडे निघतात. ते मागच्या बाजूचे. या दोन तुकड्यांच्या आतल्या कडा एकेक इंच दुमडून शिवल्या की ते एकमेकांवर साडेपाच इंच चढतात आणि चेन-रनर लागतच नाही. म्हणजे एका पिसात एक पूर्ण कव्हर आणि दुसऱ्यासाठी पुढची बाजू. खाली अडीच-तीन इंचांची पट्टी उरते, ती पिशवीच्या नाडीला. 36 पन्ह्याचा पीस कधी कधी 35 च भरतो, तेव्हा मोजल्याशिवाय कात्री लावू नका.

साडेसोळा का? दोन्हीकडे अर्धा इंच माया (शिलाईच्या आत जाणारं कापड) गेली की कव्हर साडेपंधराचं होतं. कुशनपेक्षा अर्ध्या इंचाने लहान कव्हरच भरीव दिसतं. बरोबर मापाचं कव्हर आठवड्यात ढिलं पडतं आणि कोपरे रिकामे लोंबतात.

मिश्र पीस पिशव्यांचं अस्तर, मिक्सरचं झाकण, तोरण, भेटवस्तूंच्या बटव्यांना चांगले. स्वयंपाकघरात गरम भांड्याजवळ आणि साडीच्या कव्हरांना नकोत. ओटीत आलेला पीस ओटीतच पुढे जातो हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वावगं काही नाही. फक्त घडी उलगडून बघा. मोडीवर पिवळी रेघ पडलेला पीस कुणाच्या पदरात घालू नये.

पावसाळ्यानंतर कापडांना कुबट वास येतो, पांढऱ्या सुतीवर तपकिरी ठिपके पडतात आणि जरी काळवंडते. डांबरगोळ्या घालूनही फरक नाही. (चिपळूण)

डांबरगोळ्या किड्यांसाठी असतात, दमटपणासाठी नाहीत. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकदम चालू आहेत.

कुबट वास बुरशीचा. बुरशीला ओल आणि खाद्य दोन्ही हवं असतं, आणि खाद्य म्हणजे खळ. खळ केलेलं कापड साठवणीत ठेवू नका; धुऊन, खळ काढून, पूर्ण सुकवून ठेवा. खळ कसरीलाही आवडते, आणि ती खाता खाता कापडही खाते. इस्त्री करून लगेच घडी घालणं हीही नेहमीची चूक. वाफेची इस्त्री मारलेलं कापड तासभर पंख्याखाली पसरा, मग ठेवा.

तपकिरी ठिपके बहुतेक गंजाचे. टाचण्या, स्टेपल, सेफ्टी पिना, लोखंडी ट्रंकेचा रंग उडालेला तळ. पांढऱ्या सुतीवर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळलं की धुवा. दोन-तीनदा करावं लागतं. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा. क्लोरीनचं ब्लीच मात्र गंजावर लावू नका. डाग पक्का बसतो.

जरी काळवंडते ती हवेतल्या गंधकाने आणि ओलीने, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ही क्रिया थांबत नाही, उलट आतला दमटपणा अडकून राहतो. जरीचं कापड जुन्या, धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला चिकटून ठेवू नका. कापडाच्या बटव्यात घालून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या एकत्र करू नका. त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे आणि लवंगांची पुरचुंडी बरी, पण तीही वर्षाला बदलावी लागते.

कोकणात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. मागे तीन-चार इंच जागा सोडा. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात सगळं कापड एकदा बाहेर काढा. सुती उन्हात, रेशीम सावलीत. परत ठेवताना मोड बदला, कारण रेशीम त्याच त्या मोडीवर तुटतं.

कापड मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं की रंग पक्का होतो ना? (जळगाव)

नाही. रंगाऱ्याच्या भांड्यात मीठ रंगाला धाग्यापर्यंत ढकलतं, पण रंगवून झालेल्या कापडावर त्याचा उपयोग नाही. व्हिनेगरही सुतीला काही करत नाही. त्याऐवजी चार इंचांचा तुकडा पांढऱ्या सुती चिंधीसोबत साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. चिंधीला रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. पाच-सहा धुण्यांनंतरही रंग जातच असेल तर ते पांढऱ्याशेजारी जोडू नका, गडदाशेजारी जोडा.

आजीच्या दोन नऊवारी आणि चार सुती पाचवारी साड्या आहेत. त्यांची गोधडी हाताने शिवायची आहे. किती थर, किती दोरा, सुरुवात कुठून? (नाशिक)

गोधडी 60 बाय 90 इंच धरू. एका माणसाला भरपूर होते.

आधी साड्या गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि उजेडासमोर धरून बघा. विरलेल्या जागी अंगठ्यांनी दोन्हीकडे हलकं ताणा. ‘टर्र’ आवाज आला तर तो भाग आतल्या थरालाही नको. बसायच्या जागेचा आणि निऱ्यांच्या मोडीचा भाग सहसा गेलेला असतो. काठ वरच्या थराला शोभतात, आतल्या थरांचे मात्र उसवून काढा. सुई तिथे अडते आणि बोट सुजतं.

नऊवारी सुमारे 8.2 मीटर. 92 इंचांचे तीन तुकडे निघतात (90 लांबी आणि दुमडायला दोन इंच) आणि साधारण सव्वा मीटर उरतं. सुती साडी कात्रीने कापण्यापेक्षा काठाला छेद देऊन आडवी फाडा, आडव्या धाग्यावर सरळ फाटते. तीनपैकी दोन तुकडे जसेच्या तसे. तिसऱ्याच्या लांबीत 11 इंचांच्या चार पट्ट्या. मधे 44 इंचांचा पूर्ण पन्हा आणि दोन्ही बाजूंना एकेक पट्टी जोडली की एक थर होतो, तसेच दोन. म्हणजे एका नऊवारीत वरचा आणि खालचा थर निघाला. जोड मधोमध येत नाही हे महत्त्वाचं, कारण गोधडी घडी घालताना मधोमध मोडते आणि तिथला जोड आधी उसवतो.

पाचवारीतून (ब्लाउजपीस सोडून साडेपाच मीटर) 92 इंचांचे दोन तुकडे. त्यांचा एक आतला थर. आतल्या थरांत शिवण नको. तुकडे एकमेकांवर अर्धा इंच चढवून नुसता कच्चा टाका घाला, दुमडलं की गाठी होतात. प्रत्येक थराचा जोड वेगळ्या जागी येऊ द्या.

थर किती? तुमच्याकडच्या थंडीला वर-खाली दोन आणि आत चार, असे सहा. मुंबईत आत दोन पुरे. दुसऱ्या नऊवारीतून आणखी थर घालायचा मोह होईल, पण आठ थरांतून धावदोरा सरळ निघत नाही आणि धुताना ती उचलवत नाही. त्या नऊवारीतली मऊ बाजू बाळांच्या दुपट्यांना ठेवा. 36 बाय 40 ची, दोन थरांची चार दुपटी 8.2 मीटरमध्ये निघतात.

जमिनीवर खालचा थर उलटा पसरा, कोपऱ्यांवर पाट किंवा जड पुस्तकं ठेवा. आतले थर एकेक करून, हात मधून कडेकडे फिरवत. वर शेवटचा थर सुलटा. आता मधोमध अधिकचं चिन्ह करून कच्चे टाके घाला आणि मग पाच-सहा इंचांवर एकेक ओळ. या कामाला एक पूर्ण दुपार जाते आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. टाके लांब पडले तर चालतील, ओळी कमी नकोत.

खेड्यापाड्यांत गोधडी कडेपासून सुरू होते आणि फेऱ्या आत आत येतात. सराईत हात प्रत्येक फेरीत ढिलं कापड पुढे सरकवत, आवळत आणतो. नवख्याने तसं केलं तर सगळी ढिलाई मधे साठते आणि पोटासारखा फुगा येतो. म्हणून पहिल्या गोधडीला मधून सुरुवात करा, लांबीत समांतर ओळी, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. कडा शेवटी आत दुमडून शिवा.

दोऱ्याचा हिशेब सोपा. ओळी एक इंच अंतरावर घेतल्या तर 60 ओळी गुणिले 90 इंच, म्हणजे 137 मीटर. धावदोरा खाली-वर जातो, गाठी असतात. 155 ते 160 धरा. ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या की दुप्पट. 8 नंबरचा पर्ल कॉटन (भरतकामाचा पिळदार सुती दोरा) घेतला तर 10 ग्रॅमच्या गोळ्यात 80-85 मीटर असतो, म्हणजे इंचाच्या ओळींना दोन गोळे अगदी काठावर, तीन घ्या. एकाच वेळी, एकाच छटेचे. सुई भरतकामाची, 5 ते 7 नंबरची. टाका पाव इंचाचा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, शेवटचा भाग कापडातून पन्नास वेळा ओढला जाऊन पिंजतो. साधा शिवणाचा मशीनचा दोरा दुहेरी घेऊन चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. चालत नाही, तो विरलेलं कापड कापतो.

तुकड्यांचीच गोधडी करायची असेल तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी बघा. त्या तुकडे आधी जोडत नाहीत. एका साडीवर कडेपासून तुकडा ठेवायचा, कड आत मोडायची, धावदोऱ्याने बसवायचा, पुढचा त्यावर चढवायचा. जोडणं आणि गोधडणं एकाच टाक्यात. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची ‘फुलं’ लावतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी मानतात.

मशीनवर गोधडी शिवली तर वरचं कापड पुढे सरकतं आणि शेवटी दोन इंच जास्त उरतं. (इचलकरंजी)

खालचे दाते खालचा थर ओढतात आणि प्रेशर फूट वरचा थर मागे धरून ठेवतो. फुटाचा दाब कमी करा, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर, सुई 16 नंबर. जमलं तर वॉकिंग फूट घ्या, त्याला वरही दाते असतात. सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवा. एक वर, एक खाली अशा शिवल्यात तर ओळींमध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. कच्चे टाके मशीनलाही चुकत नाहीत. आणि खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसत असतील तर बॉबिनला दोष देऊ नका. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. फूट उचलून पुन्हा ओवा.

रोजच्या उशांना अभ्रे. चार अभ्र्यांना किती कापड? बाजूच्या शिलाया धुऊन धुऊन सुटतात. (सोलापूर)

17 बाय 27 इंचांच्या उशीला तयार अभ्रा 18 बाय 28 असावा. एकाच लांब पट्टीतून करा. लांबी 28 आणि 28, आत जाणारी पाकळी 6, दोन टोकांच्या दुमडीला 2. एकूण 64 इंच. रुंदी सव्वाएकोणीस. 44 पन्ह्यात दोन पट्ट्या शेजारी बसतात, 36 पन्ह्यात एकच आणि बाकीचं जवळपास वाया. म्हणून 44 चा पन्हाच घ्या. सुती आटतं, तेव्हा पावणेदोन मीटरमध्ये दोन. चार अभ्र्यांना साडेतीन मीटर.

शिलाई सुटते कारण माया कापडाच्या टोकाला उघडी असते आणि धागे निसटत जातात. बाजू दोनदा शिवा. कापड सुलट बाहेर, पाकळी आत ठेवून कडेपासून पाव इंचावर पहिली शिलाई. बाहेर आलेले धागे कात्रीने साफ करा, अभ्रा उलटा करा, नखाने कड दाबा आणि पाव इंचापेक्षा थोडं आत दुसरी. उघडी माया आतच बंद होते, इंटरलॉकची गरज राहत नाही. पहिल्या शिलाईनंतरचे धागे साफ केले नाहीत तर ते सुलट बाजूला मिशीसारखे डोकावतात.

इलॅस्टिकची चादर घरी शिवली, पण गादीच्या कोपऱ्यावरून निसटते. (पुणे)

खाली दुमडायला कापड कमी सोडलं असणार. 78 बाय 60, जाडी 6 इंच अशी गादी धरा. प्रत्येक बाजूला जाडीचे 6 आणि खाली जाणारे 5, असे 11 इंच वाढवा. कापड झालं 100 बाय 82. चारही कोपऱ्यांतून साडेदहा इंचांचा चौकोन कापा (अकराचा नको, अर्धा इंच मायेत जातो). उभ्या कडा जोडल्या की कोपरा तयार. कडेला अर्धा इंची इलॅस्टिक. कोपऱ्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच जागेवर, ती 20 इंच 10 इंच इलॅस्टिक ताणून बसवा. 90 पन्ह्याचं कापड पावणेतीन मीटर घ्या आणि आधी भिजवून, वाळवून, मग मोजा. कोरंच कापलं तर पाच टक्के आटून लांबीत पाच इंच जातात, आणि निसटायला तेवढं पुरतं.

खणाची कुशन कव्हरं शिवताना कडा उसवतात आणि इस्त्री लागताच कापड आकसतं. (बेळगाव)

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा पारंपरिक खण अरुंद पन्ह्याचा असतो, 30-32 इंचांच्या आसपास, आणि दोन्हीकडे काठ. म्हणजे कापणीची रचना काठावरून ठरते: काठ कव्हरच्या दोन बाजूंना हवा की मधे पट्टा म्हणून, हे आधी ठरवा. आकसतं ते बहुधा आर्ट सिल्क किंवा पॉलिस्टरमुळे. इस्त्री मंद ठेवा, उलट्या बाजूने, मधे सुती कापड घालून.

उसवण्यावर उपाय कापण्याआधीचा. खणाच्या मागे पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) मंद इस्त्रीने चिकटवा, इस्त्री घासू नका, दाबून उचला. मग कापा, लगेच कडेला झिगझॅग मारा आणि माया अर्ध्याऐवजी पाऊण इंच ठेवा. मागची बाजू खणाची नको. खण ताण सहन करत नाही, चेन तिथेच उसवते. मागे कॅम्ब्रिक किंवा केसमेंटसारखं सुती कापड वापरा. कव्हर धुताना उलटं करा, थंड पाण्यात, पहिली दोन-तीन वेळा एकटं.

गरम भांडी धरायचे जाड रुमाल शिवले, तरी हात पोळतो. (अमरावती)

आत पॉलिस्टरचं भरण असेल तर ते कढईच्या उष्णतेने दबतं, वितळतंही. आत जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर, बाहेर जीन्स किंवा जाड सुती. 8 इंचांचा चौकोन, सुई 16 किंवा 18 नंबर. कडेला सुती उरेब (तिरकी कापलेली) पट्टी, अडीच इंच रुंद. आणि रुमाल कोरडा हवा. ओल्या कापडातून उष्णता चटकन हाताला येते, वर वाफही होते.

चिंध्यांच्या वेणीचं गोल पायपुसणं वाटीसारखं वर उचललं जातं. (रत्नागिरी)

फेरी जोडताना वेणी ओढली जाते आहे. बाहेरचा घेर मोठा असतो, तिथे वेणी जास्त लागते. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत प्रत्येक वळणावर वेणी थोडी ढिली सोडून टाका घाला आणि काम मांडीवर न करता टेबलावर सपाट ठेवून करा. उलट कडा लाटांसारख्या उठल्या तर सोडलेली ढिलाई जास्त झाली. वाटी झालेल्या पायपुसण्यावर पाणी मारून वजन ठेवल्याने ते दोन दिवस सपाट राहतं आणि पुन्हा उठतं. फेऱ्या उसवण्याला पर्याय नाही. पट्ट्या दोन इंच रुंद, सगळ्या सुती. मधेच एक पॉलिस्टरची आली की ती पाणी शोषत नाही, आणि त्याच जागी पाय घसरतो.

आईने दिलेली सहा थरांची सुती गोधडी इथे वॉशिंग मशीनमध्ये धुवावी का? (लंडन)

जुन्या साड्यांची हाताने शिवलेली गोधडी मशीनमध्ये नको. धाग्याला दोष नाही, वजनाला आहे. पाणी प्यालेली गोधडी दुपटीहून जड होते आणि फिरताना तिचं सगळं वजन थोड्याच टाक्यांवर येतं. बाथटबमध्ये थंड किंवा कोमट पाणी, सौम्य द्रव साबण थोडा, वीस मिनिटं भिजवा, हाताने किंवा स्वच्छ पायांनी दाबा. पाणी सोडा, पुन्हा भरा, फेस जाईपर्यंत. पिळू नका, टबमध्येच गुंडाळी करून दाबा, मग दोन मोठ्या टॉवेलांत गुंडाळून पुन्हा दाबा. एका दोरीवर टांगू नका. कपडे वाळवायच्या स्टँडच्या सगळ्या दांड्यांवर आडवी पसरा आणि दर चार-पाच तासांनी उलटा, नाहीतर आतले थर ओले राहून वास धरतात. रेडिएटरवर टाकायची घाई करू नका. रोजच्या वापराची असेल तर वर एक सुती खोळ शिवा, गोधडीपेक्षा सगळीकडून एक इंच मोठी, एका बाजूला नाड्या; मग धुवायची ती खोळच.